दाहशामक औषधे आणि आतड्यातील जीवाणू

दाहशामक औषधे आणि आतड्यातील जीवाणू यांचा परस्परसंबंध हा औषधशास्त्र, जठरांत्रविज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र या तिन्ही शाखांच्या सीमेवरचा विषय आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी स्टेरॉइडविरहित दाहशामके ताप, अंगदुखी, सांधेदुखी, दातदुखी व मासिक पाळीतील वेदना यांवर घेतली जातात. या औषधांमुळे आतड्यातील जीवाणूंचे प्रमाण व प्रकार बदलतात. उलट हेच जीवाणू काही औषधांना आतड्यात पुन्हा सक्रिय करतात, काहींना निष्प्रभ करतात, आणि सल्फासॅलॅझिनसारखे औषध तर जीवाणूंशिवाय काम करूच शकत नाही.

या विषयाचे व्यावहारिक महत्त्व लहान आतड्याला होणाऱ्या इजेत आहे. वेदनाशामक गोळीमुळे जठरात व्रण पडू शकतात हे सर्वपरिचित आहे आणि त्यावर उपाय म्हणून सोबत आम्लरोधक गोळी दिली जाते. मात्र जठराच्या पुढे, लहान आतड्यात होणारी इजा आम्लामुळे होत नाही. तिच्यात जीवाणूंचा वाटा मोठा असतो आणि तेथे आम्लरोधक गोळीचे संरक्षण पोहोचत नाही.

पार्श्वभूमी

ॲस्पिरिन हे या गटातील औषध १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाले. इंडोमेथॅसिन, आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक ही औषधे १९६० व १९७० च्या दशकांत वापरात आली. ती नेमके काय करतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. शरीरातील सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. दाहशामके ते एन्झाइम रोखतात. या कार्यासाठी व्हेन यांना १९८२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले.

प्रोस्टाग्लँडिनांमुळे सूज व वेदना वाढतात, पण त्याच द्रव्यांमुळे जठर व आतड्याच्या आतील अस्तरावर श्लेष्म्याचा थर टिकतो आणि तेथील रक्तपुरवठा सुरळीत राहतो. म्हणून वेदना थांबवणारी गोळी पचनमार्गाचे संरक्षणही कमी करते. पॅरासिटामॉल हे ताप व वेदना कमी करते, मात्र त्याचा दाहशामक परिणाम नगण्य असल्याने ते सामान्यतः या गटात धरले जात नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात असा २०१६ मधील एक बहुमान्य अंदाज आहे. त्यांचे एकत्रित वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात त्यांची संख्या फार कमी असते आणि पुढे सरकत जावे तशी ती वाढत जाते. ही विभागणी दाहशामकांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते, कारण लहान आतड्यातील इजा बहुधा त्याच्या खालच्या, जीवाणू अधिक असलेल्या भागात दिसते.

लहान आतड्यातील इजा

दीर्घकाळ या इजेकडे फारसे लक्ष गेले नव्हते, याचे साधे कारण म्हणजे तो भाग दिसत नसे. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर व आतड्याच्या आरंभापर्यंत, तर गुदमार्गाने घातलेली दुर्बीण मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते. मधले अनेक मीटर लांबीचे आतडे नजरेआड राहते. तरीही काही पुरावे होते. लंडनमधील इंग्वार ब्यार्नासन व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात किरणोत्सारी खूण केलेल्या पांढऱ्या पेशींच्या साहाय्याने दीर्घकाळ दाहशामके घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात दाह असल्याचे दाखवले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७१३ शवविच्छेदनांच्या अभ्यासात दाहशामके घेतलेल्यांपैकी ८.४ टक्के व्यक्तींच्या लहान आतड्यात व्रण आढळले. न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते.

गिळता येणाऱ्या कॅमेऱ्याची, म्हणजेच कॅप्सूल एंडोस्कोपीची सोय झाल्यावर चित्र बदलले. २००५ मधील एका चाचणीत निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे औषधे देऊन त्यांचे लहान आतडे तपासण्यात आले. नेप्रोक्सेन व ओमेप्राझोल घेणाऱ्या गटातील ५५ टक्के व्यक्तींच्या अस्तराला जखमा झाल्या होत्या. सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ७ टक्के होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात डायक्लोफेनॅक व ओमेप्राझोल एकत्र घेणाऱ्या ४० स्वयंसेवकांपैकी ६८ टक्क्यांच्या लहान आतड्यात नवी विकृती दिसली. दोन्ही अभ्यासांत आम्लरोधक औषध सोबत दिलेले होते, ही बाब पुढील संशोधनाला वळण देणारी ठरली.

अशा बहुतेक जखमा लक्षणे न दाखवता भरून येतात. काही रुग्णांत मात्र थेंबाथेंबाने रक्तस्राव होत राहतो आणि रक्तक्षय होतो. पोट दुखत नसल्याने रुग्ण व डॉक्टर दोघांनाही गोळीचा संशय येत नाही. क्वचित प्रसंगी व्रण भरताना आतड्यात पातळ पडद्यासारखे अडसर तयार होतात व शस्त्रक्रिया करावी लागते. भारतात निदानाची आणखी एक अडचण असते: लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील व्रण म्हटले की प्रथम आतड्याचा क्षयरोग आणि त्यानंतर क्रोहन आजार विचारात घेतला जातो. या दोहोंपेक्षा वेगळे कारण शोधायचे तर रुग्ण कोणत्या वेदनाशामक गोळ्या घेत होता हे विचारणे आवश्यक असते, आणि औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली गोळी रुग्ण स्वतःहून सहसा सांगत नाही.

जंतुविरहित उंदरांवरील प्रयोग

जीवाणूंचा सहभाग प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाला. १९७७ मध्ये आंद्रे रॉबर्ट व असानो यांनी जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांना इंडोमेथॅसिन दिले. साध्या उंदरांच्या आतड्यात ज्या मात्रेने गंभीर व्रण पडत, त्या मात्रेला हे उंदीर मोठ्या प्रमाणात दाद देईनात. औषध तेच होते आणि प्रोस्टाग्लँडिनांची घटही तशीच होती. नव्हते ते केवळ जीवाणू.

पुढील संशोधनातून इजेचे टप्पे उलगडत गेले. दाहशामके आतड्याच्या पेशींतील ऊर्जानिर्मिती बिघडवतात व अस्तर झिरपते होते. त्यातून जीवाणू व त्यांच्या पेशीभित्तिकेतील द्रव्ये आत शिरतात. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य शरीरातील टीएलआर-४ या ग्राहकाला चिकटते, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि व्रण वाढतो. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी हा ग्राहक सदोष असलेल्या उंदरांत इंडोमेथॅसिनची इजा बरीच कमी होते असे दाखवले. म्हणजे पहिला ओरखडा औषधाचा असला, तरी त्याचा व्रण करण्याचे काम जीवाणू आणि त्यांना प्रत्युत्तर देणारी शरीराची प्रतिकारयंत्रणा मिळून करतात.

पित्तमार्गाने होणारी औषधाची फेरी

गोळी जठरात विरघळून रक्तात जाते, तर मग औषध लहान आतड्याच्या खालच्या टोकाला पोहोचते कसे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर यकृतात आहे. डायक्लोफेनॅक, इंडोमेथॅसिन, कीटोप्रोफेन इत्यादी औषधांना यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाचा रेणू जोडते. या जोडणीने औषध निष्क्रिय व पाण्यात विरघळणारे होते आणि त्याचा काही भाग पित्तावाटे आतड्यात उतरतो. शरीराच्या दृष्टीने ही उत्सर्जनाची पायरी असते.

आतड्यातील अनेक जीवाणूंजवळ बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे एन्झाइम असते. जोडलेला शर्करासदृश रेणू त्यांना अन्न म्हणून हवा असतो. तो तोडून घेतला की मूळ औषध मोकळे होते, तेथल्या तेथे अस्तराला इजा करते, पुन्हा शोषले जाते आणि रक्तातून यकृताकडे परतते. ही फेरी अनेकदा होऊ शकते. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांना इंडोमेथॅसिनची आतड्यातील इजा होत नाही, या जुन्या निरीक्षणाचा अर्थ यातून लागतो.

इंजेक्शन घेतले की पोटाला त्रास होत नाही, हा प्रचलित समजही यामुळे टिकत नाही. स्नायूत टोचलेले डायक्लोफेनॅकही रक्तातून यकृतात व पित्तातून आतड्यातच येते. शिवाय जठराचे प्रोस्टाग्लँडिन तर रक्तातील औषधानेही घटते.

अमेरिकेतील मॅथ्यू रेडिनबो व सहकाऱ्यांनी या एन्झाइमला रोखणारे रेणू तयार केले. जीवाणूंना न मारता केवळ त्यांचे हे एक एन्झाइम थांबवावे, अशी त्यामागची कल्पना होती. २०१२ मध्ये अशा एका रेणूमुळे डायक्लोफेनॅक दिलेल्या उंदरांच्या आतड्यातील व्रण कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि पुढे इंडोमेथॅसिन व कीटोप्रोफेनबाबतही तसेच आढळले. २०१५ मधील एका अभ्यासात प्रतिजैविके देऊन जीवाणू घटवलेल्या उंदरांच्या शरीरातून इंडोमेथॅसिन अधिक वेगाने बाहेर पडते असे दिसले. यावरून औषध शरीरात किती वेळ टिकते हेही काही अंशी जीवाणूंवर अवलंबून असते.

आम्लरोधक औषधांची भूमिका

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही प्रोटॉन पंप रोधके जठरातील आम्लनिर्मिती थांबवतात. दाहशामकांमुळे होणारे जठर व आद्यांत्रातील व्रण टाळण्यात त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे; वयोवृद्ध, पूर्वी व्रण झालेले, किंवा ॲस्पिरिन व रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्यासाठी ती जीवरक्षक ठरतात.

जठरातील आम्ल हे अन्नासोबत व लाळेसोबत येणाऱ्या जंतूंना अडवणारे दारही आहे. ते उघडे राहिले की पुढच्या आतड्यातील वस्ती बदलते. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील १,८१५ व्यक्तींच्या अभ्यासात प्रोटॉन पंप रोधके घेणाऱ्यांच्या विष्ठेत एरवी तोंडात राहणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण वाढलेले आढळले.

कॅनडातील जॉन वॉलेस यांच्या गटाने २०११ मध्ये या दोन्ही धाग्यांची गाठ मारली. ओमेप्राझोल किंवा लँसोप्राझोल दिलेल्या उंदरांना नेप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब दिल्यावर त्यांच्या लहान आतड्यातील इजा कमी न होता उलट वाढली. आम्लरोधकांमुळे त्यांच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियम गटाचे जीवाणू ८० टक्क्यांहून अधिक घटले होते, आणि ते जीवाणू परत दिल्यावर इजा टळली. निर्णायक ठरला तो पुढचा प्रयोग: आम्लरोधक दिलेल्या उंदरांचे जीवाणू जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात सोडले असता, स्वतः आम्लरोधक न घेतलेल्या या उंदरांनाही दाहशामकाची इजा अधिक झाली. दोष आम्लरोधकाच्या रेणूत नसून त्याने बदललेल्या जीवाणूंत होता.

माणसांत इतका नेमका पुरावा मिळवणे कठीण असते. तरीही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘काँडॉर’ ही चाचणी येथे महत्त्वाची आहे. तीत संधिवाताच्या ४,४८४ रुग्णांना सहा महिने एकतर सेलेकॉक्सिब, नाहीतर डायक्लोफेनॅक व ओमेप्राझोल देण्यात आले. केवळ जठर न पाहता संपूर्ण पचनमार्ग विचारात घेतला असता लक्षणीय इजेचे प्रमाण पहिल्या गटात ०.९ टक्के, तर दुसऱ्यात ३.८ टक्के होते. फरकाचा मोठा भाग हिमोग्लोबिन घटण्याचा, म्हणजे बहुधा न दिसणाऱ्या रक्तस्रावाचा होता. सेलेकॉक्सिब निर्धोक आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याच गटातील रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले.

भारतात दाहशामक व आम्लरोधक एकाच गोळीत वा कॅप्सुलीत घालून विकण्याची पद्धत रूढ आहे. ॲसिक्लोफेनॅक व रॅबेप्राझोल ही अशी एक प्रचलित जोडी. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ स्थिर-मात्रा मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत दाहशामकांची अनेक मिश्रणे होती, परंतु वरील प्रकारची दुहेरी मिश्रणे बाजारात आहेत. ज्यांना जठराच्या व्रणाचा धोका आहे त्यांच्यासाठी त्यांना आधार आहे. तरुण व निरोगी व्यक्तीने दोन दिवसांच्या कंबरदुखीसाठी ती घेणे, आणि त्याहून अधिक म्हणजे सोबत आम्लरोधक आहे म्हणून गोळी महिनोन्‌महिने निर्धास्तपणे चालू ठेवणे, याला मात्र वरील संशोधनाचा पाठिंबा मिळत नाही.

हेलिकोबॅक्टर पायलोरी

जठरात टिकून राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये ओळखला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठरव्रणाची दोन प्रमुख कारणे म्हणजे हा जीवाणू आणि दाहशामके. ती एकत्र आली तर काय होते यावर बराच काळ मतभेद होते. २००२ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार, संसर्ग नसलेल्या व दाहशामक न घेणाऱ्या व्यक्तीच्या तुलनेत, संसर्ग असून दाहशामक घेणाऱ्यास व्रण होण्याची शक्यता सुमारे ६१ पट असते. ब्रिटनमधील ‘हीट’ चाचणीत (२०२२) कमी मात्रेचे ॲस्पिरिन घेणाऱ्या वृद्धांतील हा संसर्ग नाहीसा केल्यावर व्रणातून होणारा रक्तस्राव पहिली अडीच वर्षे कमी राहिला, पुढे मात्र तो लाभ टिकला नाही. भारतात हा संसर्ग सर्वसामान्य असल्याने दीर्घकाळ दाहशामक सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी करण्याचा मुद्दा येथे विशेष लागू पडतो.

औषधांचा जीवाणूंवरील परिणाम

केवळ प्रतिजैविकेच जीवाणूंना मारतात ही समजूत २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर मोडीत निघाली. हायडलबर्ग येथील युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत किरण पाटील, नासोस टायपस, पीअर बोर्क आदींच्या गटांनी एक हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० प्रातिनिधिक जीवाणूंवर तपासली. मानवी पेशींवर काम करण्यासाठी बनवलेल्या औषधांपैकी २४ टक्के औषधांनी किमान एका जीवाणूची वाढ रोखली. डायक्लोफेनॅकला जीवाणूरोधक गुण आहे असे त्यापूर्वीच, २००० मध्ये, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील सुजाता दस्तीदार व सहकाऱ्यांनी नोंदवले होते.

जिवंत माणसाच्या आतड्यात हे बदल किती होतात याचे चित्र अद्याप विस्कळीत आहे. २०१६ मध्ये १५५ प्रौढांच्या विष्ठेच्या तपासणीत निरनिराळ्या दाहशामकांशी निरनिराळ्या जीवाणूंचे कमीअधिक प्रमाण जोडलेले दिसले, आणि सोबत घेतल्या जाणाऱ्या इतर औषधांनुसारही ते बदलत होते. अशा अभ्यासांची मर्यादा उघड आहे: विष्ठा ही मोठ्या आतड्याचे प्रतिनिधित्व करते, तर इजा लहान आतड्यात होते.

उंदरांतील एक परिणाम अधिक चिंताजनक आहे. २०१९ मध्ये, क्लॉस्ट्रिडिओइडेस डिफिसिल या जीवाणूच्या संसर्गापूर्वी इंडोमेथॅसिन दिलेल्या उंदरांत आजार अधिक तीव्र झाला व मृत्यूही वाढले. या जीवाणूमुळे प्रतिजैविकांच्या वापरानंतर माणसांत गंभीर अतिसार होतो.

सल्फासॅलॅझिन: जीवाणूंवर अवलंबून असलेले औषध

सल्फासॅलॅझिन हे औषध स्वीडनमधील वैद्य नाना स्वार्त्झ यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकाच्या अखेरीस संधिवातासाठी तयार झाले. त्या काळी संधिवातामागे जंतुसंसर्ग असावा असे मानले जाई. म्हणून जंतुरोधक सल्फापायरिडिन आणि दाहशामक सॅलिसिलेट एकाच रेणूत ॲझो बंधाने जोडण्यात आले. पुढे ते मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहावर, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, अधिक परिणामकारक ठरले.

ते का, याचा उलगडा नंतर झाला. हा बंध माणसाचे शरीर तोडू शकत नाही, आतड्यातील जीवाणू तोडतात. १९७२ मध्ये पेपरकॉर्न व गोल्डमन यांनी दाखवले की जंतुविरहित उंदरांत औषध अखंडच राहते. जीवाणू मुख्यतः मोठ्या आतड्यात असल्याने औषध नेमके तेथेच मोकळे होते. १९७७ मध्ये आझाद खान, पायरिस व ट्रुलव्ह यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळे देऊन पाहिले आणि कोलायटिसमध्ये उपयोगी भाग ५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल हा असल्याचे सिद्ध केले. आज तो मेसालामाइन या नावाने स्वतंत्रपणेही दिला जातो. संधिवातासाठी सल्फासॅलॅझिन भारतात अजूनही नियमित वापरात आहे.

मुक्त झालेले हे आम्ल पुन्हा जीवाणूंच्याच तावडीत सापडू शकते. काही जीवाणू त्याला ॲसिटिल गट जोडून ते निष्प्रभ करतात. ज्या रुग्णांच्या आतड्यात अशी एन्झाइमे अधिक, त्यांच्यात हे उपचार अपयशी ठरण्याची शक्यता अधिक, असा संबंध २०२३ मध्ये दाखवण्यात आला. एकच गोळी एकाला लागू पडते व दुसऱ्याला पडत नाही, याचे एक कारण येथे असू शकते.

ॲस्पिरिन

ॲस्पिरिनची पित्तमार्गाने फारशी फेरी होत नाही, त्यामुळे त्याचे वर्तन डायक्लोफेनॅकपेक्षा वेगळे आहे. काही जीवाणू त्याचे विघटन करतात. २०१६ मधील प्रयोगात ॲम्पिसिलिन दिलेल्या उंदरांत हे विघटन घटले व ॲस्पिरिनचा रक्त गोठू न देण्याचा परिणाम वाढला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला आळा घालण्याच्या ॲस्पिरिनच्या गुणाशीही जीवाणूंचा संबंध दिसतो: २०२० मध्ये उंदरांत लायसिनिबॅसिलस स्फेरिकस हा जीवाणू ॲस्पिरिन फस्त करून तो गुण कमी करताना आढळला, तर कर्करोगाशी निगडित फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमची वाढ ॲस्पिरिनमुळे मंदावते असे २०२१ मध्ये दिसले.

प्रतिबंधाचे प्रयत्न

जीवाणू इजेला हातभार लावतात तर त्यांना मारावे, हा पहिला विचार. रिफॅक्सिमिन हे रक्तात फारसे न शोषले जाणारे प्रतिजैविक २०१७ मध्ये डायक्लोफेनॅक व ओमेप्राझोल घेणाऱ्या ६० निरोगी स्वयंसेवकांत तपासले गेले. जखमा झालेल्यांचे प्रमाण रिफॅक्सिमिन गटात २० टक्के, तर तुलनेच्या गटात ४३ टक्के होते. परिणाम स्पष्ट असला, तरी वर्षानुवर्षे चालणाऱ्या सांधेदुखीसाठी तितकीच वर्षे प्रतिजैविक देणे प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या काळात परवडणारे नाही.

दुसरा मार्ग उपयुक्त जीवाणू देण्याचा. २०१९ मध्ये बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हेच्या एका विशिष्ट वाणाने ॲस्पिरिन घेणाऱ्या निरोगी व्यक्तींच्या लहान आतड्यातील इजा कमी केली. हा निष्कर्ष त्या वाणापुरता आहे. घरचे दही वा ताक आहारात चांगलेच, परंतु त्यातील जीवाणू वेगळे असतात व घरोघरी बदलतात. गोळीसोबत वाटीभर दही खाल्ल्याने आतडे सुरक्षित राहते असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: औषध गरजेपुरते, कमीत कमी मात्रेत व कमीत कमी दिवस घेणे.

महाराष्ट्रातील संदर्भ

वेदनाशामकांची गरज किती व्यापक आहे याचा एक विश्वसनीय अंदाज पुणे जिल्ह्यातील भिगवण येथून मिळतो. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात १९९६ मध्ये तेथे घरोघरी पाहणी सुरू केली. तपासलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांच्या दुखण्याची तक्रार होती. शेतीतील व घरातील कष्ट न थांबवता दुखणे सोसायचे तर गोळी हा हाताशी असलेला उपाय ठरतो. डायक्लोफेनॅकसारखी औषधे नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात ती सहज मिळतात.

याला रक्तक्षयाची जोड आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो. त्याची मुख्य कारणे आहारातील लोहाची कमतरता, पाळीतील रक्तस्राव व जंत ही आहेत. पण ज्या समाजात रक्तक्षय इतका नित्याचा आहे, तेथे वेदनाशामकांमुळे आतड्यातून होणारी रक्ताची गळती वेगळी ओळखू येणे अवघड असते.

मुंबईत पावसाळ्यात औषधांचे आणखी एक एकत्रीकरण घडते. मालाड, अंधेरी येथील भुयारी मार्ग व आसपासचे सखल भाग दरवर्षी पाण्याखाली जातात आणि अशा पाण्यातून चालावे लागलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन घ्यावे असे आवाहन महापालिका करते. हा सल्ला प्राण वाचवणारा आहे. त्याच सुमारास डेंग्यू व लेप्टोच्या तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळून पॅरासिटामॉल घेण्यास सांगितले जाते. त्यामागील कारण जीवाणूंचे नसून रक्तस्राव व मूत्रपिंडांवरील ताण हे आहे. अंगदुखीसाठी घरात उरलेली गोळी प्रतिजैविकासोबत परस्पर घेतल्यास औषध, प्रतिजैविक आणि जीवाणू यांच्यात काय घडते, याचे ज्ञान अद्याप मुख्यतः उंदरांपुरते आहे.

भारतीयांच्या आतड्यातील जीवाणूंची घडण पाश्चात्त्यांपेक्षा वेगळी आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीय व्यक्तींत प्रीव्होटेला व मेगास्फेरा या जीवाणूंचे प्राबल्य नोंदवले. त्या केंद्रात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या नेतृत्वाखाली सूक्ष्मजीव-संग्रहाचे मोठे काम उभे राहिले. प्रीव्होटेलाचे महत्त्व येथे दुहेरी आहे. न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात (२०१३) प्रीव्होटेला कोप्री हा जीवाणू नव्याने आमवात झालेल्या रुग्णांत विशेष प्रमाणात सापडला होता. भारतात त्याचा वंश निरोगी माणसांतच विपुल आहे. तेव्हा एका देशात आजाराची खूण वाटलेला जीवाणू दुसरीकडे रोजच्या ज्वारी-बाजरी व डाळींच्या आहाराचा सोबती असू शकतो. वर उल्लेखलेल्या कॅप्सूल एंडोस्कोपीच्या चाचण्या आणि ‘काँडॉर’चे आकडे भारतीयांना जसेच्या तसे लागू करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

हळद

हळदीतील कर्क्युमिनचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत अनेकदा दाखवले गेले आहेत, मात्र ते तोंडावाटे घेतल्यास रक्तात अत्यल्प शोषले जाते. न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात जीवाणूंच्या वाट्याला येतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी माणसाच्या आतड्यातील ई. कोलाय जीवाणूत कर्क्युमिनचे रूपांतर करणारे एन्झाइम शोधून काढले. हळद शरीरावर काही परिणाम करत असेल, तर तो मूळ कर्क्युमिनपेक्षा जीवाणूंनी बनवलेल्या या द्रव्यांमुळे, किंवा कर्क्युमिनमुळे जीवाणूंत होणाऱ्या बदलांमुळे असावा, असे एक मत आहे. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि बाजारात मिळणाऱ्या कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या यांत मात्र फरक केला पाहिजे. अशा गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत.